मेश, मशीन आणि मंगळवारचं टेन्शन

शनिवार संध्याकाळ. कॅनॉटला आमचा ग्रुप जमलेला, कॉफी आलेली, आणि माझा मावसभाऊ लॅपटॉप उघडून बसलेला! स्क्रीनवर एक लोखंडी ब्रॅकेट. निळं, हिरवं आणि एका कोपऱ्यात लालभडक.

‘‘दादा, आज तरी काम बंद कर ना!’’

‘‘हा लाल डाग गेला नाही, तर ऑर्डर जाईल,’’ मान वर न करता तो म्हणाला.

दादाचं वाळूजला छोटंसं वर्कशॉप आहे. 1985 मध्ये बजाज ऑटोचा कारखाना तिथे सुरू झाला आणि भोवती अशा पुरवठादारांचं जाळं विणलं गेलं. दादाचं ब्रॅकेट टेस्टिंगमध्ये दोनदा तडकलं होतं. तिसरी आणि शेवटची टेस्ट मंगळवारी!

महागड्या सॉफ्टवेअरचं लायसन्स त्याला परवडत नाही. मग? ‘डील-टू’! नव्वदच्या दशकाच्या अखेरीस जर्मनीतल्या हायडेलबर्ग विद्यापीठात सुरू झालेली, चक्क फुकट, ओपन सोर्स लायब्ररी. 2007 मध्ये तिच्या कर्त्यांना विल्किन्सन प्राइजही मिळालं.

फंडा सोपा आहे. वस्तूचे हजारो बारीक तुकडे करायचे, प्रत्येक तुकडा किती ताणला जातो याची समीकरणं एकत्र सोडवायची, की कमकुवत जागा लाल दिसते. गोची एकच होती. हे तुकडे विटेसारखे, सहा बाजूंचेच लागायचे. भोकं आणि वळणं असलेल्या ब्रॅकेटचे तसे तुकडे पाडणं म्हणजे डोकेदुखी! 2021 च्या 9.3 आवृत्तीत चार त्रिकोणी बाजूंचे तुकडे, म्हणजे चतुष्फलकही चालू लागले. असे तुकडे मेशिंगची सॉफ्टवेअर्स आपोआप पाडून देतात.

‘‘म्हणजे आता एका क्लिकवर काम?’’ मी विचारलं.

‘‘कसलं क्लिक! सी प्लस प्लसमध्ये कोड लिहावा लागतो. आणि साधे चतुष्फलक खऱ्या लोखंडापेक्षा ताठ वागतात, ताण कमी दाखवतात. त्यावर विसंबलो तर फसलोच. म्हणून मी दुसऱ्या घाताचे घेतो.’’

रात्री साडेदहाला त्याने आतल्या कोपऱ्याची गोलाई 2 मिलिमीटरवरून 5 केली. लाल गेलं, पिवळं आलं. कॉफी केव्हाच गार झाली होती.

मंगळवारी दुपारी मेसेज आला : ‘पास! आता बाकीचा माल काढायचाय. या शनिवारी येत नाही.’