ज्याच्या त्याच्या मापाची घागर

कालिदासाच्या 'शाकुंतला'चा पहिला अंक ग्रीष्मांत घडतो, ही गोष्ट पुष्कळांच्या लक्षांत राहत नाहीं. उन्हाळा नुकताच लागला आहे. शकुंतला व तिच्या दोन सख्या आश्रमांतील रोपांना पाणी घालावयास निघाल्या आहेत. आणि प्रत्येकीच्या हातांतील घट तिच्या तिच्या शक्तीला साजेल एवढाच आहे. दहा घरांनीं मिळून बाग करावयाची, तर या घटाचें माप विसरून चालणार नाहीं, असें आम्हांस वाटतें.

आमच्या पनवेलास पावसाची वाण नाहीं. परंतु तो जवळजवळ सारा जून ते सप्टेंबर या ४ महिन्यांत कोसळून जातो. येथील नगरपालिका १८५२ सालची; २०१६ सालीं तिची महानगरपालिका झाली. गांवाला पाणी पुरविणारें देहरंगचें धरण उन्हाळ्यांत तळ गाठूं लागतें, आणि नळ केव्हां येणार याचा हिशेब घरोघर सुरू होतो. त्यांतच शाळांना सुट्टी लागते व मंडळी आपापल्या गांवीं जातात. आषाढांत रोप लावावयास हवे तितके हात पुढें येतात. वैशाखांत तेंच रोप जगवावयास चौघेहि मिळत नाहींत. वराहमिहिरानें बृहत्संहितेंतील वृक्षायुर्वेदाच्या अध्यायांत सांगितलें आहे कीं, लावलेल्या झाडांना हिंवाळ्यांत दिवसाआड, परंतु उन्हाळ्यांत सकाळीं व सायंकाळीं पाणी द्यावें. म्हणजे काम चौपट होतें तें नेमके हात उणे असतां!

यावर पहिला उपाय, पाण्याची गरजच कमी करणें हा होय. झाडाच्या बुडाशीं वाळक्या पाल्याचें जाड आच्छादन घालावें. वेलाशेजारीं बिनझिलईचें भाजक्या मातीचें मडकें गळ्यापर्यंत पुरून भरून ठेवावें, म्हणजे ओल हळूहळू मुळांस मिळते. तांदूळ-भाजी धुतल्याचें पाणी मोरींत न ओततां अळवाला घालावें. मुंबईचें उदाहरण बोलकें आहे. २००२ सालीं मुंबई पोर्ट ट्रस्टच्या स्वयंपाकघराच्या गच्चीवर प्रीती पाटील व त्यांच्या सहकाऱ्यांनीं श्री. अ. दाभोळकरांच्या पद्धतीनें बाग उभी केली. स्वयंपाकघरांतील ओला कचरा व वाळका पाला कुजवून त्यांनीं मातीच तयार केली. पुढें 'अर्बन लीव्ह्ज' या नांवानें माटुंग्याच्या डॉन बॉस्को शाळेच्या गच्चीवर स्वयंसेवक रविवारीं जमूं लागले.

दुसरा उपाय माणसांचा. उन्हाळ्यांत लोक श्रम करीत नाहींत, हें खरें नव्हे. २०१६ सालच्या पहिल्या 'वॉटर कप' स्पर्धेंत ३ तालुक्यांतील गांवांनीं एप्रिल-मे महिन्यांच्या उन्हांत श्रमदान केलें, व कोरेगांव तालुक्यांतील वेळू गांव पहिलें आलें. परंतु बागेला स्पर्धा नाहीं कीं पारितोषिक नाहीं. तिला नेमून दिलेली पाळीच तारते. आमच्या परिचयाच्या येथील एका सामाईक बागेंत होळी होतांच पाळ्यांची यादी भिंतीवर लागते. बादली उचलणाऱ्या मुलांकडे शेवगा व आंब्याचीं कलमें; तांब्याच काय तो उचलूं शकणाऱ्या आजींकडे तुळस. गांवीं जाणाऱ्यानें आपला वार दुसऱ्याच्या स्वाधीन करून, त्याचें नांव यादींत स्वहस्तें लिहूनच जावें, असा दंडक आहे. "जमेल तेव्हां येईन" या उत्तराला तेथें जागा नाहीं. कारण रोपाला तहान जमेल तेव्हां लागत नाहीं.

उन्हाळ्यांतील प्रगति फुलाफळांनीं मोजूं नये. आच्छादन सारून पाहिल्यास खालीं माती ओलसर लागली, एखादें गांडूळ दिसलें, कलमाला तांबूस पालवी फुटली, तर समजावें कीं बाग पुढें चालली आहे. बाहेरून ती उजाडच दिसेल, आणि नवखा स्वयंसेवक निराश होईल. त्याला ही ओली माती हातांत देऊन दाखवावी.

वाचकांपैकीं ज्यांच्या वस्तींत अशी बाग असेल, त्यांनीं अक्षय्यतृतीयेपूर्वीं शेजाऱ्यांस इतकेंच विचारावें: "आपणांस आठवड्यांतून किती घागरी झेपतील?" एक म्हणाला, तर एकच लिहावी, मात्र ती चुकूं देऊं नये. मृगाचा पाऊस पडेल तेव्हां जीं रोपें हिरवीं उरतील, तीं त्या एकेका घागरीचींच असतील.