लठ्ठपणा खानदानी असतो का?

‘आमचं हाडच मोठं, घराण्यातच आहे,’ असं म्हणत पंगतीत आणखी एक जिलबी वाढून घेणारे काका सगळ्यांच्याच ओळखीचे असतात. त्यांचं म्हणणं अगदीच खोटं नाही. वेगवेगळ्या घरांत वाढलेली एकसारखी जुळी भावंडंही वजनाला बरीच जवळपास निघतात. पण जनुकं मिळाली म्हणजे ती सारख्याच जोमाने काम करतात, असं नाही. डीएनएवर मिथाइल गटांचे रासायनिक ठसे बसतात आणि त्यावर कुठलं जनुक मंदावेल, कुठलं चालू राहील हे ठरतं. हेच एपिजेनेटिक्स. या ठशांसाठी लागणारी फोलेट, बी-१२ ही जीवनसत्त्वं अन्नातूनच येतात.

पोटात असताना उपासमार झालेलं मूल पुढे बारीकच राहणार, असंही वाटतं. १९४४-४५च्या हिवाळ्यात नेदरलँड्समध्ये दुष्काळ पडला. गरोदरपणाच्या पहिल्या निम्म्या काळात आई उपाशी राहिली असेल, तर मुलगा एकोणिसाव्या वर्षी लठ्ठ असण्याचं प्रमाण जास्त निघालं. शेवटच्या महिन्यांत राहिली असेल, तर कमी. गर्भधारणेच्या सुमारास ज्यांना ही झळ लागली, त्यांच्या एका वाढीच्या जनुकावरचे ठसे साठ वर्षांनीही सख्ख्या भावंडांपेक्षा वेगळे होते.

आपल्याकडचं उदाहरण तर आणखी बोलकं आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने १९९३पासून जवळच्या सहा गावांतल्या गरोदर स्त्रियांचा अभ्यास सुरू केला. तिथली बाळं सरासरी २.७ किलोंची, इंग्लंडमधल्या साउदॅम्प्टनची ३.५ किलोंची. आपल्या बाळांचे स्नायू लहान, पोट लहान, पण कातडीखालची चरबी त्या मानाने जवळजवळ शाबूत! तेव्हा ‘किडकिडीत माणसाला कसली चरबी?’ हा प्रश्न चुकीचा. २००४मध्ये याज्ञिकांनी आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी स्वतःलाच मोजलं. दोघांचा बीएमआय २२.३, चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२.

मग ‘दोघांचं खा’ हा सल्ला बरोबर? नुसतं पोटभर खाऊन भागत नाही. या गावांतल्या बहुतेक स्त्रियांना फोलेट पुरेसं मिळत होतं, बी-१२ मात्र अनेकींना कमी. ते दूध-दही, अंडी, मासे, मटणातून मिळतं. भाजीपाल्यात जवळजवळ नसतंच. गरोदरपणी फोलेट भरपूर आणि बी-१२ कमी असलेल्या आयांची मुलं सहाव्या वर्षी इन्सुलिनला सर्वांत कमी दाद देणारी निघाली. (म्हणून फोलिक अॅसिडची गोळी बंद करायची नाही, ती बाळाच्या मज्जारज्जूतले दोष टाळते.)

आता काही जण एपिजेनेटिक्सलाच नवं प्रारब्ध मानू लागलेत, तेही घाईचंच. २०१७मधल्या एका मोठ्या अभ्यासात, लठ्ठ माणसांच्या रक्तात दिसणारे यातले बहुतेक बदल लठ्ठपणाचं कारण नसून परिणाम असल्याचं आढळलं. काकांच्या रक्तातले काही ठसे जिलबीनंतरचेही असू शकतात.