आगीच्या मुलखातली कमाई

‘‘आई, आत्ता हाक मारू नकोस, मी नेदरमध्ये आहे!’’ हल्ली बऱ्याच घरांतून जेवणाच्या वेळी हेच उत्तर ऐकू येते. ताट वाढलेले असते, वरण निवत असते आणि चिरंजीव कॉम्प्युटरसमोरून हलायला तयार नसतात. हे नेदर आहे तरी काय आणि तिथून निघायला एवढा वेळ का लागतो?

‘माइनक्राफ्ट’ हा खेळ स्वीडनमधल्या स्टॉकहोमच्या मोजांग कंपनीचा. २००९मध्ये तो पहिल्यांदा लोकांपुढे आला, २०११मध्ये पूर्ण रूपात विक्रीला आला आणि २०१४मध्ये मायक्रोसॉफ्टने ही कंपनी २५० कोटी डॉलरना विकत घेतली. २०२३पर्यंत त्याच्या ३० कोटींहून अधिक प्रती खपल्या होत्या. ठोकळ्यांच्या जगात खणायचे, घर बांधायचे, शेती करायची, कोंबड्या पाळायच्या. एकूण संसारच म्हणा ना! पण या संसाराला लागणाऱ्या काही वस्तू घराच्या आसपास मिळत नाहीत. त्यासाठी नेदर गाठावे लागते.

तिथे लाव्हारसाचे समुद्र आहेत आणि डोक्यावर आकाशाऐवजी दगडी छत. आत जायचे दारही सहज मिळत नाही. लाव्हावर पाणी आले की काळाकभिन्न ऑब्सिडियन तयार होतो. तो फोडायला हिऱ्याची कुदळ हवी. त्याच्या किमान १० ठोकळ्यांची चौकट उभी करून चकमकीने पेटवली की जांभळे दार उघडते.

घरचे नियम चालत नाहीत

आत पाणी ओतले तर त्याची वाफ होते, म्हणजे अंगाला लागलेली आग विझवायची सोय नाही. पलंग टाकून झोपायला गेलात तर पलंगाचाच स्फोट होतो! होकायंत्राची सुई गरागरा फिरत राहते. म्हणून जाणते खेळाडू आत पाऊल टाकताच घरून आणलेल्या दगडांनी दाराभोवती भिंत घालतात. गास्ट नावाचे पांढरे, तरंगणारे भूत आगीचे गोळे फेकते. तिथला लाल दगड त्याने फुटतो, पेटतो. आपला साधा दगड मात्र टिकतो. गोळा दारावर पडला तर दार विझते, तेव्हा चकमक कमरेला हवीच. हाच गोळा नेमक्या वेळी टोलवला तर गास्टवरच उलटतो. गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्यांना हे लवकर जमत असावे.

वाट चुकू नये म्हणून जाताना मशाली फक्त उजव्या हाताला लावायच्या. परतताना त्या डावीकडे दिसल्या की रस्ता बरोबर.

२०२० सालच्या जून महिन्यात नेदरचा कायापालट झाला. लाल-निळी बुरशीची जंगले आली आणि पिगलिन नावाची डुकरांच्या तोंडाची जमात आली. यांना सोन्याचे भारी वेड! अंगावर सोन्याची एक जरी वस्तू, म्हणजे नुसते बूट असले तरी ते वाटेला जात नाहीत. सोन्याची लगड त्यांच्यापुढे टाकली तर उलटून-पालटून पाहतात आणि बदल्यात काहीतरी देतात. कधी ऑब्सिडियन, कधी आगीपासून वाचवणारा काढा. मात्र त्यांच्या देखत पेटी उघडलीत किंवा सोन्याची खाण खणलीत, तर सारी टोळी अंगावर येते. त्यांच्या पडक्या गढ्यांतले दांडगे पहारेकरी तर सोन्यालाही बधत नाहीत. नवख्याने तिकडे फिरकूच नये, हे उत्तम.

मुलांचा जीव खरा अडकतो तो ‘एन्शंट डेब्री’ या धातूच्या ढेकळात. उंचीच्या मोजणीत १५च्या आसपास ते सर्वात जास्त सापडते. अशी ४ ढेकळे भट्टीत तापवून त्यांत सोन्याच्या ४ लगडी घातल्या की नेदराइटची एक लगड होते. अंगावरच्या चिलखताचे चारही भाग मढवायचे तर १६ ढेकळे हवीत. नेदराइट लाव्हात पडले तरी जळत नाही, तरंगते. पण एवढ्या खोलीवर भिंतीआड लाव्हा दडलेला असतो आणि नेदरमध्ये तो बाहेरच्यापेक्षा वेगाने धावतो. म्हणून आगीचा काढा आधी प्यायचा. तो ३ मिनिटे पुरतो, रेडस्टोनची पूड घातली तर ८ मिनिटे. काही बहाद्दर पलंगाच्या स्फोटानेच खाण खणतात! लाल दगड उडतो, ढेकूळ जसेच्या तसे राहते. फक्त पलंग आणि आपण यांच्यामध्ये एक ठोकळा हवा.

आता जेवणाची हाक

खेळात मरण आले की खेळाडू पुन्हा घरी उभा राहतो, पण सारे सामान तिथेच पडते. लाव्हात पडले तर हिरेसुद्धा जळून जातात. बाहेर पडले तर ५ मिनिटांत नाहीसे होते. ही मिनिटे कोणी खेळाडू त्या परिसरात असतानाच मोजली जातात, त्यामुळे एकट्याने खेळणाऱ्याने नुसत्या अंगानिशी धावत सुटण्यापेक्षा घरी ढाल-तलवार, अन्न घेऊन मगच निघावे.

आयांनी-बाबांनी एवढे लक्षात घ्यावे, की कॉम्प्युटरच्या जावा आवृत्तीत एकटा खेळणारा मुलगा एस्केपचे बटण दाबून खेळ थांबवू शकतो. मित्रांबरोबर सर्व्हरवर खेळत असेल तर खेळ थांबत नाही. त्या क्षणी वायर उपसली तर दोन आठवड्यांची मेहनत जाऊ शकते. तेव्हा पोळ्या लाटायला घेतानाच ‘‘दहा मिनिटांत दारापर्यंत पोहोच’’ असे सांगा. तो एकटा खेळत असूनही हीच सबब सांगत असेल, तर मात्र खुशाल उठवा.

आणि छोट्या खेळाडूंनो, ऑब्सिडियनचे ८ ठोकळे आणि एक ‘आय ऑफ एंडर’ यांची एंडर पेटी करता येते. एक घरी ठेवा, एक सोबत न्या. नेदरमधल्या पेटीत टाकलेले नेदराइट घरच्या पेटीतून काढता येते, तुम्ही वाटेत मेलात तरीही.