परराष्ट्रमंत्र्यांना विचारलेला प्रश्न आणि आपली रोजी

संसदेचे अधिवेशन सुरू झाले की वर्तमानपत्रांच्या आतल्या पानावर एखादी चार ओळींची बातमी येते. अमुक खासदारांच्या प्रश्नाला लेखी उत्तर देताना परराष्ट्र राज्यमंत्र्यांनी अशी अशी माहिती दिली, एवढाच तिचा मजकूर असतो. आपले व्यापारी बंधू ती ओलांडून बाजारभावाकडे वळतात. परराष्ट्र व्यवहार हे मोठ्या देशांचे आणि मोठ्या लोकांचे काम, आपल्या गाळ्याशी त्याचा काय संबंध, अशी त्यामागे समजूत असते. आमच्या मते ही समजूत नुकसानीची आहे. ज्याचा भाऊ दमामला वेल्डिंग करतो, ज्याचा मुलगा दुबईत शिलाईकाम करतो, ज्याचा भिवंडीचा कपडा किंवा धारावीचे चामड्याचे पाकीट समुद्रापार जाते, त्याच्या रोजीचा निम्मा हिशोब परदेशात होतो. त्या हिशोबाविषयी सरकारला जाब विचारण्याची जी थोडी साधने आहेत, त्यांपैकी खासदाराचा प्रश्न हे एक. ते कसे चालते, हे येथे सांगत आहोत.

प्रथम एक गोष्ट ध्यानात घ्यावी. परराष्ट्र व्यवहार आणि परदेशांशी होणारे करार हे विषय संविधानाने केंद्र सरकारकडे दिले आहेत. करारावर सही करण्यापूर्वी संसदेची मंजुरी घेण्याचे बंधन आपल्याकडे सरकारवर नाही. कराराच्या अंमलासाठी कायदा बदलायचा असेल, तरच तो संसदेपुढे येतो. संयुक्त अरब अमिरातीबरोबरचा व्यापार करार घ्या. १८ फेब्रुवारी २०२२ रोजी त्यावर सह्या झाल्या आणि १ मे २०२२ पासून तो लागू झाला. भारतातून तिकडे जाणाऱ्या सोन्याच्या दागिन्यांवर जी पाच टक्के जकात होती ती त्यामुळे उठली. झवेरी बाजारातल्या कारागिरापर्यंत पोचणारी ही बाब, पण ती ठरवताना लोकसभेत मतदान झाले नाही. असे करार चांगले की वाईट हा वेगळा विषय आहे. मतदान नाही तेथे खासदाराच्या हाती मुख्यतः प्रश्न, चर्चा आणि समितीच उरते, एवढे येथे लक्षात ठेवायचे. परराष्ट्र व्यवहाराची संसदीय स्थायी समिती १९९३ पासून आहे. तिच्यात दोन्ही सभागृहांचे मिळून ३१ सदस्य असतात आणि तिचे अहवाल छापले जातात. पण समितीच्या बैठका बंद दाराआड होतात, प्रश्नाचे उत्तर मात्र उघड्यावर येते.

आता प्रश्नाची रीत. लोकसभेत कामकाजाचा पहिला तास, म्हणजे सकाळी ११ ते १२, प्रश्नोत्तरांचा असतो. राज्यसभेत २०१४ पासून हा तास दुपारी १२ वाजता ठेवला आहे. प्रश्न मुख्यतः दोन तऱ्हेचे. ज्यापुढे तारा छापतात तो तारांकित प्रश्न. त्याचे उत्तर मंत्र्याने उभे राहून तोंडी द्यायचे आणि त्यावर खासदाराला उपप्रश्न विचारता येतात. बिनताऱ्याचा तो अतारांकित. त्याचे उत्तर फक्त लेखी येते, उपप्रश्न नाही. लोकसभेच्या एका दिवसाच्या यादीत २० तारांकित आणि २३० अतारांकित प्रश्न असतात. सूचना किमान १५ दिवस आधी द्यावी लागते. प्रश्न जास्त येतात म्हणून चिठ्ठ्या काढून क्रम लावतात. प्रत्येक मंत्रालयाचा आठवड्यातला दिवस ठरलेला असतो. तेव्हा आज दुबईत काही घडले आणि उद्या खासदाराने प्रश्न विचारावा, अशी अपेक्षा धरू नये. तातडीच्या गोष्टीसाठी शून्य प्रहर आहे, मंत्र्याला थेट पत्र आहे.

पुष्कळांना तारांकित प्रश्नाचे आकर्षण असते, कारण तो दूरदर्शनवर दिसतो. परंतु वीसपैकी पाच-सहा प्रश्नच कित्येकदा तोंडी होतात आणि गोंधळ झाला तर एकही होत नाही. धंद्याच्या माणसाने अतारांकित प्रश्नाला कमी लेखू नये. सभागृह बंद पडले तरी त्याचे लेखी उत्तर पटलावर ठेवले जाते, त्यात आकड्यांचे तक्ते जोडलेले असतात, आणि ते संसदेच्या संकेतस्थळावर कोणालाही फुकट वाचता येते. परदेशी तुरुंगांत किती भारतीय आहेत, हा आकडा वर्षानुवर्षे अशाच उत्तरांतून बाहेर येतो. मार्च २०२५ मधील उत्तरात तो दहा हजारांवर होता आणि त्यांतले पुष्कळ जण सौदी अरेबिया व अमिरातीत होते. कोणी खासदार प्रश्न विचारतो म्हणून हा आकडा आपल्याला कळतो.

प्रश्न लिहिणे हे मात्र कसबाचे काम आहे. एक नमुना पाहा: ‘आखातातील जालीम मालकांवर सरकार कारवाई का करीत नाही? सरकारला गरिबांची कदर नाही काय?’ हा प्रश्न नाकारला जाणार हे लिहून ठेवा. लोकसभेच्या नियमांनुसार प्रश्नात आरोप, टोमणा, विशेषण किंवा युक्तिवाद चालत नाही. मंत्र्याचे मत विचारता येत नाही, ‘असे झाले तर’ असे विचारता येत नाही, न्यायालयात असलेली बाब घेता येत नाही. जे स्वभावतःच गुप्त आहे तेही मागता येत नाही. आणि मित्र असलेल्या परदेशाविषयी अनादराचा शब्द चालत नाही. शिवाय सगळा प्रश्न १५० शब्दांत बसवायचा.

तीच तक्रार अशी मांडावी: ‘परराष्ट्र व्यवहार मंत्री कृपया पुढील माहिती देतील काय: (अ) गेल्या तीन वर्षांत सौदी अरेबिया, कुवेत व ओमान येथील भारतीय वकिलातींकडे थकलेल्या पगाराच्या किती तक्रारी आल्या, त्यांची देशवार व वर्षवार संख्या, (आ) त्यांपैकी किती निकाली निघाल्या आणि किती प्रलंबित आहेत, (इ) तक्रारदारांत महाराष्ट्रातील कामगार किती, (ई) याच काळात किती भरती एजंटांची नोंदणी स्थगित वा रद्द झाली आणि त्यांतील मुंबईचे किती?’ यात राग कोठेही नाही. पण याचे उत्तर देताना मंत्रालयाला तीन वकिलातींकडून आकडे मागवावे लागतात आणि ते मागवताना प्रलंबित फायलींवरची धूळ झटकली जाते. आमच्या मते प्रश्नाचा खरा फायदा बऱ्याचदा उत्तर येण्याआधीच होतो.

कोणता प्रश्न कोणाच्या दारात न्यायचा, हेही कळले पाहिजे. नाही तर ‘ही बाब या मंत्रालयाशी संबंधित नाही’ एवढे उत्तर हाती पडून अधिवेशन संपते. पासपोर्ट, वकिलातींचे काम, तुरुंगातील भारतीय, मयत परत आणणे, परदेशी नोकरीच्या एजंटांची नोंदणी, ही कामे परराष्ट्र मंत्रालयाची. अनिवासी भारतीयांसाठी २००४ मध्ये वेगळे मंत्रालय काढले होते, ते २०१६ मध्ये पुन्हा परराष्ट्र मंत्रालयात विलीन झाले. हजचे काम मात्र त्याच वर्षी परराष्ट्र मंत्रालयाकडून अल्पसंख्याक मंत्रालयाकडे गेले. आजही लोक हजच्या तक्रारी जुन्या पत्त्यावर पाठवतात. जकात, निर्यातीचे परवाने, व्यापारी करार आणि निर्यातीचा विमा उतरणारी ईसीजीसी, हे सगळे वाणिज्य मंत्रालयाकडे. ऑगस्ट २०२५ मध्ये अमेरिकेने भारतीय मालावरची वाढीव जकात ५० टक्क्यांवर नेली, तेव्हा तयार कपडे, चामडे आणि दागिने यांच्या कारखानदारांचे प्रश्न मुख्यतः वाणिज्यमंत्र्यांकडे जायला हवे होते, जरी बोलणी दोन्ही मंत्रालयांची होती.

आमदारांविषयीही दोन शब्द. आपली माणसे सहसा जवळच्या आमदाराकडे धाव घेतात, आणि परराष्ट्र व्यवहाराचा प्रश्न विधानसभेत चालत नाही हे कळल्यावर निराश होतात. पण बोगस एजंटाने मोहल्ल्यातल्या पोरांचे पैसे घेऊन पोबारा केला असेल, तर पोलीस हा राज्याचा विषय आहे. गुन्हा नोंदला का, तपास कोठवर आला, हे आमदार गृहमंत्र्यांना विचारू शकतो. एजंटाकडे १९८३ च्या कायद्याखालील नोंदणी होती काय, हे खासदाराने दिल्लीत विचारावे. एकाच फसवणुकीची ही दोन टोके दोन सभागृहांत धरता येतात. एकट्यादुकट्याचे प्रकरण असेल तर प्रश्नापेक्षा खासदाराचे मंत्र्याला पत्र बरे. प्रश्नासाठी अनेकांची समान तक्रार गोळा करावी.

उत्तर आले की ते कसे वाचायचे, हा पुढचा भाग. ‘माहिती गोळा केली जात असून सभागृहाच्या पटलावर ठेवली जाईल’, असे वाक्य आले तर ती बोळवण समजू नये. संसदेच्या भाषेत ते आश्वासन ठरते. शासकीय आश्वासनांची वेगळी समिती १९५३ पासून लोकसभेत आहे आणि असे आश्वासन तीन महिन्यांत पुरे करण्याची अपेक्षा असते. मुदत उलटली तर खासदाराने त्या समितीकडे बोट दाखवावे.

‘उपलब्ध माहितीनुसार’ हे शब्द मात्र जपून वाचावे लागतात. जून २०१४ मध्ये इराकमधील मोसुल येथे काम करणारे भारतीय मजूर, बहुतेक पंजाबचे, पळवून नेले गेले. एक जण सुटून आला आणि बाकीचे मारले गेल्याचे त्याने सांगितले. सरकार मात्र, ते जिवंत असल्याची माहिती आपल्याला मिळाली आहे, असे सांगत राहिले. जुलै २०१७ मध्ये परराष्ट्रमंत्री सुषमा स्वराज लोकसभेत म्हणाल्या की, पुराव्यावाचून कोणाला मृत घोषित करणार नाही. २० मार्च २०१८ रोजी त्यांनीच राज्यसभेत ३९ जणांच्या मृत्यूची खात्री दिली. अधिवेशन चालू असताना अशी गोष्ट आधी सभागृहाला सांगावी या रिवाजाचा त्यांनी हवाला दिला. घरच्यांना मात्र ती टीव्हीवरून समजली. स्वराज या परदेशात अडकलेल्या सामान्य माणसासाठी धावणाऱ्या मंत्री होत्या, हे आम्हीही मान्य करतो. तरी चार वर्षे ३९ घरे एका वाक्याच्या आधाराने बसली होती. ही माहिती कोणत्या तारखेची, कोणाकडून आलेली, तिची पडताळणी कोणी केली, हे तीन उपप्रश्न अशा प्रत्येक उत्तराला चिकटवले पाहिजेत.

दुसरे उदाहरण कोकणातल्या अनेक घरांना ठाऊक आहे. २ ऑगस्ट १९९० रोजी इराकी फौजा कुवेतमध्ये शिरल्या आणि सुमारे १,७०,००० भारतीयांना परत आणावे लागले. विमानांच्या त्या मोठ्या मोहिमेची आठवण सर्वांना आहे. त्यानंतरची कहाणी कमी माहीत आहे. नोकरी, सामान, बँकेतली शिल्लक तेथेच राहिली. १९९१ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी जिनिव्हात नुकसानभरपाईचा आयोग नेमला. त्याच्याकडे दावा साधारणपणे आपल्या सरकारमार्फतच लावावा लागे. परराष्ट्र मंत्रालयात त्यासाठी खास कुवेत कक्ष होता. पैसा इराकच्या तेलातून यायचा, आणि निर्बंधांमुळे ते तेल डिसेंबर १९९६ पर्यंत बाजारात आलेच नाही. त्या दशकात संसदेत यावर प्रश्न येत राहिले: किती अर्ज पाठवले, किती मंजूर झाले, पैसे कोठे अडले. घर सोडून पळालेल्या कामगाराला जिनिव्हातला कारभार समजण्याची दुसरी वाट फारशी नव्हती. आयोगाने शेवटचा हप्ता २०२२ मध्ये चुकता केला, एकूण ५२.४ अब्ज डॉलर. ज्यांनी पासपोर्टवरचे शिक्के आणि पगाराचे कागद जपले होते, त्यांना दावा मांडणे सोपे गेले.

असे प्रश्न विचारणारे आपल्या भागातही होऊन गेले. वेंगुर्ल्याचे बॅरिस्टर नाथ पै १९५७ पासून अखेरपर्यंत राजापूरचे खासदार होते, आणि गोवामुक्ती व परराष्ट्र धोरण यांवर त्यांचे म्हणणे पंडित नेहरू कान देऊन ऐकत. नेहरू तेव्हा पंतप्रधान आणि परराष्ट्रमंत्री दोन्ही होते. सय्यद शहाबुद्दीन यांनी १९७८ मध्ये परराष्ट्र सेवेची नोकरी सोडली आणि पुढे संसदेत गेले. मंत्रालयाच्या फायली आतून पाहिलेला माणूस समोरच्या बाकावर आला. मरहूम जी. एम. बनातवाला मुंबईचे, उमरखाडीचे आमदार राहिलेले, पण लोकसभेवर गेले ते केरळातील पोन्नानीहून. केरळचे खासदार आखाताच्या बाबतीत जितके जागरूक असतात तितके आपले नसतात, असे आमचे निरीक्षण आहे. कारण सरळ आहे: तेथे मतदार आकडे घेऊन खासदाराच्या घरी जातो, आपल्याकडे लग्नाची पत्रिका घेऊन जातो.

हा तास कायम हातात असतो असेही नाही. १९६२ च्या चीन युद्धात, आणीबाणीत आणि सप्टेंबर २०२० च्या कोरोनाकाळातील अधिवेशनात तो बंद ठेवला गेला. २०२० मध्ये लेखी प्रश्न तेवढे चालू राहिले, आणि टाळेबंदीत परदेशी अडकलेल्यांची व परतलेल्यांची माहिती त्यांतून काही प्रमाणात मिळाली.

शेवटी पैशाचे. प्रश्न ‘लावून देतो’ म्हणून कोणी दलाल कमिशन मागत असेल तर त्याला दारातूनच परत पाठवा. डिसेंबर २००५ मध्ये पैसे घेऊन प्रश्न विचारल्याबद्दल लोकसभेचे दहा आणि राज्यसभेचा एक असे अकरा सदस्य बडतर्फ झाले. खासदाराला देण्यासारखे आपल्याकडे कागद असतात: पासपोर्टची प्रत, नोकरीचा करार, एजंटाची पावती, वकिलातीला केलेल्या अर्जाचा क्रमांक, माल पाठवल्याचे बिल आणि बँकेचे पत्र. हे एका पानाच्या टिपणासह, संघटनेच्या किंवा जमातीच्या लेटरहेडवर, अधिवेशनाच्या महिनाभर आधी द्यावे. उत्तर आले की त्याचा क्रमांक आणि तारीख टिपून प्रत फायलीला लावावी; वकिलातीला पुढचे पत्र लिहिताना त्याच क्रमांकाने सुरुवात करता येते.