बीए चालू असतानाच एमए होतं का?

मागच्या महिन्यात बोरीतल्या एका गटाच्या बैठकीत एका ताईंनी वीस हजारांचं कर्ज मागितलं. कारण विचारलं तर म्हणाल्या, "पोरीचं बीएचं दुसरं साल हाय. एक जण म्हणतोय, आत्ताच एमए एज्युकेशनला नाव घाला, दोन्ही संगंच होतंय. सरकारनं परवानगी दिलीय म्हणं." अध्यक्ष ताईंनी ठराव थांबवला आणि मला विचारलं. तिथं जे बोललो तेच इथं लिहिते.

तो माणूस अर्धंच सांगत होता. २०२२ च्या एप्रिलमध्ये विद्यापीठ अनुदान आयोगानं (यूजीसी) एकाच वेळी दोन अभ्यासक्रम करायला परवानगी दिली, हे खरं आहे. पण दोन्हीसाठी लागणारी पात्रता आधी हातात पाहिजे. एमएची पात्रता म्हणजे पदवी. बीएच्या दुसऱ्या वर्षाला असलेल्या पोरीकडे ती नाहीच. वरचा मजला आधी आणि जोतं मागून, असं घर कुणी बांधतं का? तिसऱ्या वर्षाची शेवटची परीक्षा दिल्यावर, निकाल यायच्या आधी काही ठिकाणी तात्पुरता प्रवेश मिळतो, तेवढंच. निकाल बिघडला तर तोही जातो.

आता दुसरी गोष्ट, जी मला जास्त महत्त्वाची वाटते. त्या पोरीला व्हायचंय शिक्षिका. नुसत्या एमए एज्युकेशनवर शाळेत शिक्षिका होता येत नाही. त्यासाठी बीएड किंवा डीएलएड लागतं, वर टीईटीसारखी पात्रता परीक्षा. एमएड वेगळं, ते बीएडच्या पुढचं. नावं सारखी वाटतात म्हणून बाया फसतात. पैसे भरून झाल्यावर कळतं, की ही वाट शाळेकडं जातच नव्हती.

मग वर्ष वाचतच नाही का? वाचतं, पण सरळ वाटेनं. बीएडची सीईटी तिसऱ्या वर्षात असतानाच देता येते. पदवीचा निकाल लागला की लगेच प्रवेश. पदवीला ५० टक्के लागतात, राखीव प्रवर्गाला सवलत आहे. बारावीच्या पोरींसाठी चार वर्षांचं एकत्रित बीए-बीएड निघालंय, त्यात एक वर्ष वाचतं. आणि नव्या शैक्षणिक धोरणात चार वर्षांची ऑनर्स पदवी घेतली तर पुढचं एमए एका वर्षाचं होतं. बीए करता करता काही शिकायचंच असेल तर 'स्वयम्'वर शिक्षणशास्त्राचे कोर्स फुकट आहेत. परीक्षा देऊन प्रमाणपत्र हवं असेल तरच फी.

खर्चाचं म्हणाल तर २०२४ पासून राज्यात आठ लाखांपर्यंत उत्पन्न असलेल्या ओबीसी, एसईबीसी, ईडब्ल्यूएसच्या मुलींना व्यावसायिक अभ्यासक्रमांची शिक्षण फी आणि परीक्षा फी माफ आहे. मात्र प्रवेश सरकारी कॅप फेरीतूनच पाहिजे. मॅनेजमेंट कोट्यातून घेतला की माफी गेली. एससी, एसटीच्या मुलींसाठी शिष्यवृत्ती वेगळी आहे. उत्पन्नाचा दाखला, जातीचा दाखला, रहिवासी प्रमाणपत्र आत्ताच काढून ठेवा. प्रवेशाच्या दिवसांत तहसीलला जिंतूरला चकरा मारायला वेळ पुरत नाही.

आणि कुणी घरी येऊन नाव घालतो म्हणाला, तर एकच विचारा: विद्यापीठ कोणतं? दूरशिक्षणाचं असेल तर यूजीसीच्या संकेतस्थळावर मान्यतेची यादी असते. गटातल्या कुठल्याही शिकलेल्या पोरीला मोबाइलवर बघायला लावा. पावती विद्यापीठाच्या नावानं मिळत नसेल तर पैसे देऊ नका.

त्या ताईंचं कर्ज गटानं नाकारलं नाही. वीस हजारांऐवजी तीन हजार दिले, सीईटीची पुस्तकं आणि फॉर्मसाठी. उरलेलं प्रवेशाच्या वेळी बघू, असं रजिस्टरात लिहिलंय.