जुन्या पिकअपचे ब्रेक सुधारायचे आहेत? आधी हे वाचा

पांढुर्णा-सौंसरकडे आपल्यापैकी बरेच जण तलावावरची मासळी जुन्या पिकअपमधून बाजारात नेतात. इंजिन बांधून घेतो, रंग मारतो, डाला नवा करतो; ब्रेक मात्र जुनेच. मासळी, बर्फ आणि पाण्याचं वजन सिल्लेवानी घाट उतरताना मागून ढकलतं. वेग ४० वरून ६० केला तर ब्रेक दाबल्यावर थांबायला सव्वादोन पट अंतर लागतं. म्हणून आम्ही कामाचा क्रम सांगतो.

१) आहे ते आधी ठीक करा. लायनर, व्हील सिलिंडर, रबरी होज तपासा. बर्फाच्या पाण्याने लोखंडी ब्रेक पाईप गंजतात, डाल्याखाली वाकून बघा. ब्रेक ऑइल हवेतली ओल शोषतं. नवं डॉट ३ साधारण २०५ अंशांवर उकळतं, ओल धरलेलं १४० वर. घाटात तापून वाफ झाली की पॅडल खाली बसतं. दर दोन वर्षांनी ऑइल बदला.

२) मग मास्टर सिलिंडर. खूप जुन्या गाड्यांत चारही चाकांना एकच लाईन असते. एक पाईप फुटला की सगळा ब्रेक गेला. टँडम मास्टर सिलिंडरमध्ये दोन लाईन असतात, एक गेली तरी दुसरी गाडी थांबवते. पैसे कमी असतील तर आधी इथे घाला.

३) शेवटी पुढे डिस्क. ती लवकर थंड होते, लवकर सुकते. पण ड्रमचा मास्टर सिलिंडर तिला ठेवू नका, पॅड घासत राहू शकतात. डिस्कला जोर जास्त लागतो, म्हणून बूस्टर हवा, आणि डिझेल गाडीत त्याला व्हॅक्यूम पंप. इंजिन बंद केलं की दोन-तीन पॅडलनंतर बूस्टरची मदत संपते. डिझेल वाचवायला गाडी बंद करून उतार उतरू नका!

रिकाम्या गाडीची मागची चाकं आधी जाम होतात, गाडी आडवी होते. मागचा दाब आवरणारा व्हॉल्व्ह मिस्त्रीला विचारून बसवा.

मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ प्रमाणे कंपनीच्या मूळ रचनेत मनाने बदल करता येत नाही. मोठं काम काढण्याआधी आरटीओत विचारा.

काम झालं की लाईनमधली हवा नीट काढून घ्या. मोकळ्या जागी आधी रिकामी, मग भरलेली गाडी थांबवून बघा.

मासळी उशिरा पोचली तर भाव पडेल, माणूस तरी घरी येईल. ही माहिती आपल्या ड्रायव्हरला नक्की दाखवा.