चित्रकला आणि चरितार्थ

“मुलगा चित्रे काढीत बसला तर खाईल काय?” हा प्रश्न आपल्या पेढ्यांवर अद्यापि विचारला जातो. प्रश्न व्यवहाराचा आहे. उत्तरही व्यवहाराचेच देतो.

पंडित श्रीपाद दामोदर सातवळेकर वेदांचे भाष्यकार म्हणून सर्वांस ठाऊक आहेत. परंतु १८६७ साली सावंतवाडीजवळच्या कोलगावी जन्मलेले हे गृहस्थ मुंबईच्या जे. जे. कलाशाळेत शिकून विसाव्या शतकाच्या आरंभी आपल्या हैदराबादेत आले, ते चित्रकार म्हणून. व्यक्तिचित्रे काढून त्यांनी येथे संसार चालविला. राष्ट्रीय चळवळीपायी शहर सोडावे लागले, तेव्हा लाहोरातही याच विद्येने त्यांचे पोट भरले. आमच्यासारख्याला गोदाम पाठीवर घेऊन कोठे जाता आले असते? पुत्र माधवरावही चित्रकारच झाले आणि पुढे महाराष्ट्राचे कलासंचालक.

जिनमूर्तींसाठी, कल्पसूत्राच्या सचित्र पोथ्यांसाठी आपल्या पूर्वजांनी थैल्या मोकळ्या सोडल्या. कलावंत मात्र दुसऱ्याच्या घरचा असावा, असा आपला हट्ट!

मासाब टँकला महावीर मार्गावर (नाव तरी पाहा) कलेचे विद्यापीठ आहे. तेथे चित्र, शिल्प, उपयोजित कला, छायाचित्रण यांचे रीतसर शिक्षण मिळते. पिशवीवरील चित्र पाहून गिऱ्हाईक तांदूळ उचलते, हे आम्ही रोज पाहतो, आणि ते चित्र काढणाऱ्यास रोख पैसे मोजतो. ते आपल्याच घरच्या लेकीने का मिळवू नयेत?

संघाने यंदाच्या शिष्यवृत्तींत एक कलेसाठी राखावी. तिच्या पहिल्या वर्षाचे शुल्क आमच्या खाती लिहावे.